बाबांच्या गळाची मासळी: कोणी खावी, कोणी टाळावी

मावशी, नमस्कार. माझं माहेर संगमेश्वरकडचं, लग्न होऊन उरणला आले. सासरे गोदीतल्या नोकरीतून निवृत्त झालेत. आता भरतीची वेळ बघून जेट्टीवर गळ टाकायला जातात आणि आठवड्यातून तीन-चार वेळा पिशवीत काहीतरी घेऊन येतात. शिंगाळा, बोय, कधी पालू, कधी चिंबोऱ्या. ओहोटीला सासूबाई कालवं फोडून आणतात. मला पाचवा महिना आहे, मोठी मुलगी चार वर्षांची आहे. परवा शिंगाळ्याच्या कालवणाला घासलेटासारखा वास आला म्हणून मी ताट बाजूला सारलं, तर तेव्हापासून घरात अबोला. बाबा म्हणतात, ‘जन्मभर हेच खाल्लं, आम्हाला काय झालं?’ नवरा म्हणतो, नीट शिजवलं की सगळं मरतं. मला मासे सोडायचे नाहीत, लहानपणापासून खात आलेय. बंदरातली मासळी खावी की नाही? आणि नाही, तर बाबांना सांगायचं कसं?
– उरणची एक सून

पोरी, आधी उत्तर देते, कारणं मागाहून. बाळंतपण होऊन बाळाचं अंगावरचं दूध सुटेपर्यंत तू बंदराच्या आतल्या पाण्यातली मासळी खाऊ नकोस, आणि चार वर्षांच्या लेकीलाही देऊ नकोस. मासे मात्र दोघींनी खायचे, दर आठवड्याला खायचे. बाबा आणि सासूबाई यांचं ताट बंद करायची गरज नाही, फक्त किती वेळा आणि माशाचा कुठला भाग, यात बदल करावा लागेल. जेट्टीच्या खांबावरची कालवं आणि घासलेटाच्या वासाची मासळी या दोन गोष्टी मात्र घरात कोणाच्याच पानात नकोत.

तो वास तुझ्या डोहाळ्यांचा नव्हता. डिझेल आणि तेलातले काही घटक माशाच्या अंगात उतरतात आणि माणसाच्या नाकाला ते अगदी थोड्या प्रमाणातही कळतात. चिंच-लसूण घालून वास मारता येतो, आत उतरलेलं तेल तिथेच राहतं. मोठा अपघात झाला की सगळेच सावध होतात. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर झाली, सुमारे ८०० टन तेल सांडलं, कीटकनाशकं भरलेले काही कंटेनरही पाण्यात पडले. ते तेल उरण-अलिबागच्या किनाऱ्यापर्यंत आलं, कांदळवनं काळी झाली आणि लोकांनी मासळी घेणं सोडलं. बाबांना ते दिवस आठवत असतील. पण बंदरात तेल काही फक्त अपघातानेच येत नाही. बोटीच्या तळाशी साचलेलं तेलकट पाणी, धक्क्यावर डिझेल भरताना सांडलेलं, इंजिन धुतलेलं, हे रोजचं आहे, आणि त्याची बातमी होत नाही.

आता एक गोष्ट बाबांच्या बाजूने. आपण कोकणातली माणसं मासळी पारखण्यात कोणाला हार जात नाही. कल्ला उचलून लाल आहे का बघतो, डोळा वर आहे की खोल गेलाय ते बघतो, बोटाने दाबल्यावर खड्डा राहतो का ते बघतो. या परीक्षेत बाबांचा शिंगाळा पहिला येणार, कारण तो तासाभरापूर्वी पाण्यात होता. म्हणूनच त्यांना राग आला असेल. इतकी ताजी मासळी आणून द्यावी आणि सुनेने पान सारावं! पण ही सगळी पारख ताजेपणाची आहे. पारा, शिसं, कॅडमियम कल्ल्यात दिसत नाहीत, त्यांना वास नाही, चव नाही. आणि ज्या ‘बर्फातल्या’ मासळीला आपण नाक मुरडतो, ती बहुतेक वेळा बाहेरच्या समुद्रातून आलेली असते. तुझ्या आत्ताच्या स्थितीत मी तासाभरापूर्वीच्या शिंगाळ्यापेक्षा बर्फात नीट ठेवलेला बांगडा पसंत करीन. बर्फ नीट हवा, हेही सांगून ठेवते. बांगडा, कुपा यांसारखी मासळी उन्हात राहिली तर तिच्यात हिस्टामिन तयार होतं. ते शिजवूनही जात नाही आणि तोंड लाल होऊन अंगावर गांधी उठतात.

मोऱ्याच्या धक्क्यावर उभं राहिलं की काय काय दिसतं ते आठव. घारापुरी, न्हावा-शेवाच्या क्रेनी, नांगरलेली जहाजं, पलीकडे माहुल-ट्रॉम्बेच्या चिमण्या. या पाण्यात वरून ठाण्याची खाडी येते. तिच्या एका अंगाला मुंबईची पूर्व उपनगरं आणि त्यांचं सांडपाणी, दुसऱ्या अंगाला ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने, जे १९६० च्या दशकापासून उभे राहत गेले. पनवेलची खाडी आहे, करंजाच्या बाजूला पाताळगंगेचं पाणी येतं. न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. बाबा लहानपणी ज्या पाण्यातले मासे खात होते ते हे पाणी नव्हे, आणि ‘जन्मभर हेच खाल्लं’ यातलं ‘हेच’ मला तेवढं मान्य नाही.

तरी उरण म्हणजे खाडीत वर आत असलेलं ऐरोली नव्हे. ठाण्याची खाडी वरच्या टोकाला अरुंद आहे, तिथे घाण अडकून राहते. तुम्ही तोंडाशी आहात, उधाणाला समुद्राचं भरपूर पाणी आत येतं आणि बाहेर जातं. पाणी त्यामुळे बरंच धुतलं जातं. गाळ मात्र धुतला जात नाही. कॉस्टिक सोडा बनवण्याच्या जुन्या पद्धतीत पारा वापरत असत. ती पद्धत आपल्याकडे आता मोडीत निघाली, पण ठाणे आणि उल्हासच्या खाड्यांच्या गाळात त्या काळातला पारा शास्त्रज्ञांना सापडलेला आहे. जहाजांच्या तळाला कालवं-शेवाळ चिकटू नये म्हणून कथिलाचं संयुग असलेला विषारी रंग लावत. त्यावर २००८ पासून आंतरराष्ट्रीय बंदी लागू झाली, तरी जगभरच्या बंदरांच्या गाळात तो रंग अजून सापडतो. आणि बंदर म्हटलं की मोठ्या जहाजांसाठी गाळ उपसणं आलंच. उपसला की तळाचं पुन्हा पाण्यात ढवळलं जातं.

तुझ्या नवऱ्याचं म्हणणं एक तृतीयांश खरं आहे. सांडपाण्यातून येणारे जंतू, म्हणजे पटकी, विषमज्वर, कावीळ यांचे, खळखळून शिजवलं की मरतात. तिथे त्याला पूर्ण गुण. चरबीत साठणारी रसायनं, जशी जुनी डीडीटीसारखी कीटकनाशकं किंवा विजेच्या ट्रान्सफॉर्मरमधलं जुनं तेल, ती शिजवून मरत नाहीत, पण कातडी, पोटाकडची चरबी, आतडी आणि काळीज काढून टाकलं तर बरीच कमी होतात. शेगडीवर किंवा जाळीवर भाजून चरबी गळू दिली तर आणखी थोडी. कालवणात मात्र ती रश्श्यात उतरते आणि आपण रस्सा भुरकतो. पारा तिसऱ्या तऱ्हेचा. तो माशाच्या मांसातच, प्रथिनांना चिकटून बसतो. कातडी काढा, तळा, उकळा, आगळ घाला, तो तिथेच राहतो.

तुझ्यासाठी खरा मुद्दा पाऱ्याचाच आहे, म्हणून त्यावर जरा थांबते. गाळातले जंतू साध्या पाऱ्याचं मिथिल पारा नावाच्या रूपात रूपांतर करतात. ते किडे-शेवाळात जातं, ते छोटा मासा खातो, त्याला मोठा मासा खातो, आणि प्रत्येक वेळी प्रमाण वाढत जातं. म्हणून जो मासा दुसऱ्या माशांवर जगतो, मोठा होतो आणि खूप वर्षं जगतो, त्याच्यात तो सर्वांत जास्त. मिथिल पारा नाळेतून बाळापर्यंत पोहोचतो आणि बाळाचा मेंदू त्या वेळी घडत असतो. जपानमध्ये मिनामाता गावी एका रासायनिक कारखान्याचं पाऱ्याचं पाणी खाडीत जात होतं. १९५६ मध्ये तो आजार अधिकृतपणे नोंदला गेला. तिथे सगळ्यांना चक्रावून टाकणारी गोष्ट ही होती की काही आयांना स्वतःला फारसा त्रास दिसत नव्हता, आणि त्यांची बाळं मात्र जबर अपंग जन्मली. उरणला मिनामाता झालंय असं मी अजिबात म्हणत नाही, तिथलं प्रमाण भयंकर होतं. पण ‘आम्हाला काय झालं’ हा बाबांचा दाखला पोटातल्या बाळाला का लागू पडत नाही, ते यावरून कळतं.

आकड्यांत सांगायचं तर जागतिक तज्ज्ञ समितीने मिथिल पाऱ्याची मर्यादा वजनाच्या दर किलोमागे आठवड्याला १.६ मायक्रोग्रॅम धरली आहे. तुझं वजन ५० किलो असेल तर आठवड्याला ८० मायक्रोग्रॅम. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत माशातल्या पाऱ्याची मर्यादा किलोला ०.५ मिलिग्रॅम आहे, मोठ्या शिकारी माशांसाठी १ मिलिग्रॅम. म्हणजे कायद्याच्या काठावर बसणारा मासा असेल तर १६० ग्रॅममध्ये तुझा आठवड्याचा कोटा संपला. दोन-तीन तुकड्या झाल्या की संपलं. छोट्या मासळीत पारा याच्या कितीतरी खाली असतो, म्हणून ती पोटभर खाता येते. बाबांच्या पिशवीतल्या माशात किती आहे, ते त्या विशिष्ट माशाची प्रयोगशाळेत तपासणी केल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही, आणि एक मासा तपासला तर एका माशाचंच कळतं. बाजारात मासळी तपासायच्या ज्या कागदी पट्ट्या मिळतात त्या फॉर्मालिन आणि अमोनियासाठी आहेत. पाऱ्याचं त्यांना काही कळत नाही, त्यावर पैसे घालवू नकोस.

आत्तापर्यंत जे पोटात गेलं त्याची धास्ती घेऊ नकोस. खाणं थांबवलं की शरीरातला मिथिल पारा साधारण ५० दिवसांत निम्मा होतो. आजपासून थांबलीस तरी पुढचे चार महिने हाताशी आहेत. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सांगून ठेव की बंदरातली मासळी नेहमी खाण्यात होती, आणि कुठली होती.

आता पिशवीतल्या एकेका माशाकडे येऊ. शिंगाळा तळाशी चिखलात फिरतो, मेलेलं-सडलेलं, किडे, चिंबोऱ्यांची पिल्लं, मिळेल ते खातो आणि बरीच वर्षं जगतो. खाडीच्या मासळीत मला सर्वांत नकोसा तोच. मोठा असेल तर बाबांनीही परत पाण्यात टाकावा. बोय गाळ चाळून त्यातलं शेवाळ-कुजकं खातो. म्हणजे गाळात जे असेल ते त्याच्या आतड्यात, पण तो दुसऱ्या माशांवर जगत नाही, त्यामुळे त्याच्या मांसात पारा सहसा कमी. आतडी, काळीज, पोटातली काळी कातडी खरवडून काढली तर मोठ्या माणसांना कधीमधी चालेल. मात्र घासलेटाचा वास सर्वांत आधी बोयलाच येतो, कारण त्याच्या अंगात चरबी जास्त. पालूच्या जबड्यात दाढांसारखे दात असतात, तो खांबांवरचे शिंपले, छोटे खेकडे फोडून खातो. चवीला राजा, पण खांबावरच्याच जिवांवर पोसलेला, म्हणून मधल्या रांगेत. निवटी मिळत असतील तर त्या चिखलातच राहतात, त्यांच्याबद्दल तेच.

चिंबोरीचं मांस आणि नांग्यातला गर त्यातल्या त्यात बरा. वरचं कवच उघडल्यावर जो पिवळसर-हिरवट गर दिसतो, ज्यासाठी घरात भांडणं होतात, तो चिंबोरीचं यकृत आहे. कॅडमियमसारखे धातू तिथे गोळा होतात. तो काढून टाकायचा आणि चिंबोरी ज्यात उकळली ते पाणीही ओतून द्यायचं. हे वाचून सासूबाई मला शिव्या देतील, देऊ देत. ठेचलेल्या नांग्यांचं वाटण लावून केलेलं कालवण तरीही चांगलं होतं.

कालवं, तिसऱ्या, शिणाणे यांच्याबद्दल मी कडक आहे. हे जीव पाणी गाळून पोट भरतात. एक कालव दिवसभरात पुष्कळ लिटर पाणी अंगातून काढतो, आणि त्या पाण्यात मैला असेल तर तो त्याच्यात गोळा होतो, धातूही होतात. शिवाय मासा जसा साफ करतो तसं कालव साफ करता येत नाही, पोटासकट आख्खंच खातो. तिसऱ्या रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवायची आपली पद्धत वाळू काढण्यासाठी छान आहे. युरोपात विकायचे शिंपले स्वच्छ, निर्जंतुक केलेल्या समुद्राच्या पाण्यात एक-दोन दिवस ठेवतात. त्याने जंतू पुष्कळ कमी होतात, विषाणू तेवढे होत नाहीत आणि धातू तर राहतातच. घरच्या पातेल्यात यातलं काही होणार नाही. आणि कोकणी बाया तिसऱ्यांना तोंड उघडेपर्यंतच वाफ देतात, एकशिपी करताना मऊ राहाव्यात म्हणून. तेवढ्या वाफेत काविळीचा विषाणू मरत नाही. सासूबाईंना कालवं फोडायचीच असतील तर जेट्टी, नाला, बोटींची दुरुस्ती होते ती जागा, हे सगळं सोडून उघड्या समुद्राकडच्या खडकांवर जाऊ दे, पावसाळ्यात नाही, आणि घरी आणून चांगली पाच-सात मिनिटं खळखळून उकळू दे. तुला आणि लेकीला तीही नकोत. समुद्राचं पाणी लाल, तपकिरी किंवा हिरवं झालेलं दिसलं तर शिंपल्यांना हातही लावायचा नाही. काही शेवाळांचं विष त्यांच्यात साठतं आणि ते उकळून जात नाही. शिंपले खाल्ल्यावर कोणाचे ओठ-जीभ बधिर झाली, मुंग्या आल्या, तर घरगुती उपाय करत न बसता थेट इस्पितळ गाठायचं.

बाबा आणि सासूबाईंनी किती खावं? अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य यंत्रणा एक साधा नियम सांगतात. ज्या पाण्याबद्दल काही अधिकृत सूचनाच नाही, तिथली स्वतः पकडलेली मासळी आठवड्यातून एकदाच खावी, आणि त्या आठवड्यात दुसरी मासळी खाऊ नये. त्यांच्याकडे अनेक नद्या-बंदरांवर कुठला मासा किती खावा याचे तक्ते लावलेले असतात. आपल्या जेट्ट्यांवर ‘पोहू नये’ असे फलक मी पाहिलेत, माशांचे नाहीत. परदेशी जाणाऱ्या कोळंबी-माकुलाची तपासणी होते, परदेशी प्रयोगशाळेत नापास झाला तर माल परत येतो. बाबांच्या पिशवीची अशी तपासणी कोणी करत नाही, तेव्हा हा नियम मला आपल्यासाठीही बरा वाटतो. आठवड्यातून एक वेळ, एका माणसाला तळहाताएवढी तुकडी, डोकं-कल्ले-आतडी बाजूला. अंगावर फोड, गाठी, झडलेले पर असतील तर मासा टाकून द्यायचा. खाडीत मासे मरून वर आले असतील, किंवा पहिल्या जोरदार पावसाने नाले धुऊन निघाले असतील, तर काही दिवस गळ घरीच ठेवायचा. आणि ती काढलेली आतडी मांजरांना घालू नका. मिनामातामध्ये माणसांच्या आधी मांजरं आजारी पडली होती.

तुझं ताट मला भरलेलं हवंय. बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना लागणारी ओमेगा चरबी, आयोडीन, प्रथिनं मासळीत आहेत आणि गरोदर बाईने मासे सोडणं हाही तोटाच आहे. आठवड्यातून दोन-तीन वेळा खा, पण लहान आणि कमी जगणारी मासळी खा: तारली, मांदेली, बांगडा, बोंबील, मुडदुशा, कोळंबी. करंजाच्या बंदरात बाहेरच्या समुद्रात जाणाऱ्या बोटी लागतात. विकणारीला सरळ विचार, ‘बाहेरची की खाडीची?’ ती सांगेल, आपल्याकडच्या कोळणी मासळी कुठली हे विचारल्याचा राग मानत नाहीत. स्वस्तातली तारली या बाबतीत महागड्या सुरमईच्या पुढे आहे हे मला नेहमी गमतीचं वाटतं. मोठी सुरमई, मोठा कुपा, मोठा घोळ हे शिकारी मासे, ते महिन्यातून एखाद्या वेळी, लहान तुकडी.

आणि एक गोष्ट आत्ताच लिहून ठेवते, कारण बाळंतपणानंतर ती तुझ्या ताटात येणारच. दूध यावं म्हणून बाळंतिणीला मोरीचं कालवण द्यायची आपल्याकडे रीत आहे. मोरी म्हणजे लहान असली तरी शार्कच, आणि शार्कमध्ये पारा जास्त हे जगभर मान्य झालंय. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना मोरी नको, मग ती बंदरातली असो वा खोल समुद्रातली. दुधासाठी पेज, खसखस, अळिवाची खीर, बांगड्याचं पातळ कालवण, यांनी सासूबाईंचंही समाधान होईल.

मेअखेरनंतर एक अडचण येईल. १ जूनपासून यांत्रिक होड्या बंद होतात, जुलैअखेरपर्यंत बाहेरची ताजी मासळी कमी होते, आणि नेमकं त्याच वेळी घराघरांत खाडीची मासळी जास्त शिजते. तुझे त्यातले दिवस आले तर सुके बोंबील, सोडे आधी घेऊन ठेव, गोड्या पाण्यातला तळ्यात पाळलेला रोहू-कटला चालेल, अंडी आणि डाळी आहेतच. रक्तदाब असेल तर सुक्या मासळीतलं मीठ जपून.

राहिला बाबांचा प्रश्न. हे तू सांगायचं नाहीस, तुझ्या नवऱ्याने सांगायचं. त्याच्या वडिलांशी त्याने बोलावं आणि ‘शिजवलं की मरतं’ हे वाक्य आधी स्वतः मागे घ्यावं. पुढच्या तपासणीला बाबांनाच सोबत घेऊन जा, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की घरातल्या वादाला वेगळं वळण लागतं. ‘तुमची मासळी घाण आहे’ असं मात्र कोणीही म्हणू नका. घाण त्यांनी केलेली नाही. गोदीत उभी हयात काढलेल्या माणसाला जहाजातून पाण्यात काय काय सोडलं जातं, ते तुझ्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. एकदा निवांत बसले असताना त्यांना तेच विचार: ‘बाबा, तुमच्या वेळी धक्क्यापाशी काय काय टाकायचे हो?’ त्यांना बोलू दे, मधे काही जोडू नकोस. बरीचशी कारणं ते स्वतःच सांगतील.

त्यांचा गळ बंद करू नका. निवृत्त माणसाला भरती-ओहोटीचं वेळापत्रक असणं ही मोठी गोष्ट आहे, आणि जेट्टीवरची मित्रमंडळी तर त्याहून मोठी. फक्त सुनेच्या आणि नातीच्या पानात जाणारी मासळी त्यांनी करंजाला लिलावाच्या वेळी उभं राहून निवडून आणावी, अशी गळ घाला. ज्याला मासळीतलं कळतं त्यालाच हे काम सांगायचं. तारली ताजी आहे की कालची, हे तुझ्या नवऱ्याला कळतं असं तुझ्या पत्रावरून तरी मला वाटलं नाही. पहिल्या दिवशी ते थोडे फुगून जातील. तू त्या मासळीचं कालवण मन लावून कर आणि पहिलं पान त्यांना वाढ.

जाता जाता एक, जे तू विचारलं नाहीस. गळाच्या दोरीला लावायची वजनं शिशाची असतात, आणि गळ टाकणारी बरीच माणसं ती दाताने चावून दोरीवर बसवतात. शिसं लहान मुलांच्या मेंदूला पाऱ्याइतकंच वाईट, आणि चार वर्षांच्या पोरीला ते चकचकीत मणी खेळायला फार आवडतात. त्या वजनांचा डबा फळीवर उंच ठेवायला सांग, दाताऐवजी पकड वापरायला सांग, आणि जेट्टीवरून आल्यावर नातीला उचलून घेण्याआधी बाबांनी साबणाने हात धुवावेत.